गाडी गरम होते? इंजिनाचं हेड उतरवू देण्याआधी एवढं तपासून घ्या

गॅरेजमध्ये नुसतं ‘गाडी गरम होते’ म्हणू नका. कुठे आणि कधी, ते सांगा. नाशिकच्या द्वारका चौकाच्या गर्दीत तापमानाचा काटा चढतो आणि गाडी पळू लागली की उतरतो, तर संशय फॅनवर: मोटर, रिले, फ्यूज, वायरिंग. कसारा घाट चढताना किंवा हायवेला सलग वेगात चढतो, तर रेडिएटर चोंदलेला, थर्मोस्टॅट (तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) पुरता न उघडणारा किंवा वॉटर पंप थकलेला.

गाडी आदल्या संध्याकाळीच लावून या, म्हणजे तपासणी थंड इंजिनावर सुरू होईल. (इंजिन गरम असताना रेडिएटरची कॅप उघडायची नाही, उकळतं कूलंट थेट तोंडावर येतं.) सकाळी स्कॅनरवर (गाडीला जोडायचं तपासणी यंत्र) कूलंटचं तापमान बाहेरच्या हवेच्या आसपास दिसायला हवं. रात्रभर उभी गाडी ६० अंश दाखवत असेल तर बिघाड सेन्सरमध्ये किंवा त्याच्या वायरिंगमध्ये आहे.

मग गळती शोधायला प्रेशर टेस्ट. हातपंपाने कॅपवर लिहिलेल्या दाबाइतका, बहुतेक गाड्यांत ०.९ ते १.१ बार, दाब भरून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. पंपाचा काटा पडला तर होजचे जोड, वॉटर पंपाचं छोटं छिद्र आणि पुढच्या सीटखालचं ओलं कार्पेट पाहा. कार्पेट ओलं म्हणजे हीटर कोअर, केबिन गरम करणारा छोटा रेडिएटर. कॅपचीही चाचणी त्याच पंपावर होते. ती दाब धरत नसेल तर कूलंट लवकर उकळतं. सगळ्यात स्वस्त पार्ट, आणि नेमका तोच कुणी बघत नाही.

आता इंजिन तापवा. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो आणि वरचा होज झपाट्याने तापतो. फॅन बहुतेक गाड्यांत ९५ ते १०० च्या दरम्यान लागतो.

‘थर्मोस्टॅट काढून टाकू, कटकट मिटेल’ असं कुणी म्हणालं तर साफ नाही म्हणा. इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल जास्त जातं. शिवाय काही इंजिनांत बायपास (रेडिएटर टाळून जाणारी वाट) उघडा राहून रेडिएटरकडे कमी पाणी जातं आणि घाटात गाडी उलट जास्त तापते.

हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि ब्लॉक यांच्यामधल्या सीलचा संशय केव्हा? बाहेर थेंबही नसताना कूलंट घटतं, टाकीत सतत बुडबुडे येतात, ऑइल दुधाळ दिसतं. तरी आधी ब्लॉक टेस्टर (निळं द्रव भरलेली तपासणीची नळी) लावायला सांगा: कूलंटमध्ये जळालेला गॅस येत असेल तर पेट्रोल गाडीत निळं द्रव पिवळं पडतं. हेड उतरलंच तर सरळपट्टी आणि फीलर गेजने वाक मोजून घ्या; वाकड्या हेडवर नवं गॅस्केट टिकत नाही.

भरताना बोअरचं पाणी नको, क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घाला, रेडीमिक्स असेल तर पाणी न मिसळता तसंच. हवा पूर्ण काढायला सांगा, नाहीतर दुरुस्तीनंतरही काटा चढेल. पैसे देण्याआधी एसी लावून वीस मिनिटं गाडी उभ्यानेच चालू ठेवा आणि फॅन लागताना-सुटताना स्कॅनरचा आकडा स्वतः पाहा.