फोटोंची खरी तारीख कुठून काढायची
जुने फोटो शेल स्क्रिप्टने (टर्मिनलच्या कमांड्स लिहिलेली फाईल) तारखेवार लावायचे असतील तर फाईलच्या मॉडिफाइड डेटवर जाऊ नका, एडिट केलं किंवा इकडून तिकडे कॉपी केलं की ती बदलू शकते, खरी तारीख एक्झिफमधल्या, म्हणजे कॅमेऱ्याने फोटोतच लिहून ठेवलेल्या माहितीतल्या, डेटटाइमओरिजिनल टॅगमध्ये असते. फॉर लूप लावून एकेका फाईलमधून एक्झिफटूलने (एक्झिफ वाचणारा प्रोग्राम) तेवढाच टॅग काढायचा, त्यातली तारीख २०१९:११:०३ अशी कोलनवाली येते म्हणून सेडने (मजकूर बदलणारी कमांड) डॅश करून घ्या. आणि फाईलचं नाव धरणारं व्हेरिएबल डबल कोट्समध्येच ठेवा हां, नावात स्पेस आली की स्क्रिप्ट गंडलीच. व्हॉट्सअ‍ॅपच्या फोटोत एक्झिफ बहुतेक उडालेलं असतं, पण अँड्रॉइडवर नावातच २०१९११०३ असे आठ आकडे असतात, ते ग्रेपने (मजकूर शोधणारी कमांड) उचला, फक्त ती तारीख फोटो आल्याची, काढल्याची नव्हे.