पहिल्या पावसात चारच वनस्पती: रानभाज्या आणि औषधी झाडं ओळखायला शिकताना

जावळी, पाटण, शिराळ्याकडे पावसाळ्यात उगवतं ते माण-खटावात उगवेलच असं नाही. म्हणून दुसऱ्या तालुक्याची यादी पाठ करू नका. आपल्याच शिवारातल्या चार वनस्पती निवडा आणि त्या वर्षभर पाहा: टाकळा, कुर्डू, गुळवेल आणि कळलावी. चौथी विषारी आहे, म्हणूनच ती सगळ्यात आधी शिकायची.

कळलावीच्या पानाचं टोक वेलाच्या तणाव्यासारखं वळलेलं असतं. लाल-पिवळं फूल येण्याआधीही ही खूण दिसते. तिच्या कंदात कॉल्चिसिन नावाचं विष असतं, ते उकळूनही जात नाही. रताळं किंवा रानकंद समजून हा कंद खाल्ल्याने माणसं दगावली आहेत. त्यामुळे वेल जागेवर उभा नसेल, तर नुसता कंद कुणी कितीही खात्रीने दिला तरी शिजवायचा नाही.

टाकळ्यावर वेळ घालवा, कारण चुका इथेच जास्त होतात. चांगला पाऊस झाल्यावर तीन-चार आठवड्यांनी कोवळे शेंडे मिळतात. पानात पर्णिकांच्या, म्हणजे एकाच देठावरच्या छोट्या पानांच्या, तीन जोड्या असतात, टोकाकडची जोडी सर्वांत मोठी, पर्णिकेचं टोक गोलसर. संध्याकाळी पर्णिका मिटतात. खालच्या जोड्यांच्या मध्ये काडीसारखी बारीक ग्रंथी दिसते, ती भिंगातून पाहा. आता टाकळ्यासारखाच दिसणारा कासविंदा शेजारी धरा: चार-पाच जोड्या, टोकं अणकुचीदार, ग्रंथी देठाच्या बुडाशी. कासविंद्याच्या बिया खाल्ल्याने उत्तर भारतात लहान मुलांना मेंदू, यकृत आणि स्नायूंचा जीवघेणा आजार झालेला आहे. तिसरा सोबती म्हणजे टाकळ्याच्याच कुळातलं एक परदेशी तण. ते कोरडवाहू भागात माजलंय आणि त्याच्या अंगावर तांबूस-सोनेरी लव असते. रोप दोन पानांचं असताना हे तिघं सारखेच वाटतात. चौथं पान येईपर्यंत खुडू नका.

उसाच्या बांधावरून, तणनाशक फवारलेल्या सोयाबीनच्या कडेने आणि महामार्गालगत काहीही तोडू नका. पानं पिवळी पडून मुरडली असतील तर फवारा बसलाय हे समजा. चांदोली आणि कोयनेच्या संरक्षित जंगलातून खुडणं कायद्याने बंद आहे, कासच्या पठारावरही फक्त पाहायचं.

पाव किलो टाकळ्याचे शेंडे स्वच्छ धुऊन उकळा, पाणी फेका आणि पिळून घ्या. त्यात अनेकांचं पोट ढिलं करणारी द्रव्यं असतात, म्हणून पाणी भाजीत ठेवू नये. फोडणीत पाच-सहा लसूण पाकळ्या, तीन हिरव्या मिरच्या, दोन कांदे, मग अर्धा तास भिजवलेली पाव वाटी मुगाची डाळ आणि भाजी. कुर्डूचीही रीत हीच, फक्त गुलाबी-पांढरा तुरा यायच्या आत खुडायची. तुरा आला की पान राठ होतं. कोणतीही नवी भाजी पहिल्यांदा दोनच चमचे खायची. त्या दिवशी दुसरी नवी भाजी नको, आणि पुढचे चोवीस तास थांबायचं.

गुळवेल कडुनिंबावर, आंब्यावर चढलेली सापडते. पान हृदयाकृती, खोडावरची कागदी साल नखाने सुटते आणि आत हिरवं दिसतं. आडवा काप चाकाच्या आऱ्यांसारखा दिसतो. फांद्यांवरून दोऱ्यांसारखी मुळं लोंबतात. खोडावर ठळक गाठी असतील आणि देठ तोडल्यावर पांढरट चीक येत असेल तर ती दुसरी जात आहे, तिने यकृताला इजा होऊ शकते. खरी गुळवेलही काढा करून रोज पिण्याची गोष्ट नाही. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, यकृताचा किंवा प्रतिकारशक्तीचा विकार असेल, तर वैद्यांना किंवा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

नमुना ठेवताना फूल किंवा फळ असलेली पूर्ण फांदी वर्तमानपत्रात पसरून, वर वजन ठेवून दाबा. पावसात पहिले पाच दिवस कागद रोज बदला, नाहीतर बुरशी येऊन पान काळं पडतं. चिठ्ठीवर तारीख, गाव, जमीन, उंची आणि स्थानिक नाव लिहा. फुलाचा रंगही लिहा, कारण तो वाळल्यावर उडतो. शंका उरली तर नमुना जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतीशास्त्र विभागात दाखवा. पुण्याला 1955 पासून भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. कुणाला खाल्ल्यावर उलट्या-जुलाब सुरू झाले, तर उरलेली भाजी आणि त्या झाडाची फांदी, असल्यास कंदासकट, दवाखान्यात बरोबर न्या.