पुण्यात शिकायला येणाऱ्या अंध मुलीची तयारी: आधी मोबाइल, मग काठी, मग बाकीचं

अंध मुलीला शिकायला पुण्यात पाठवायचं ठरलं की घरात पहिला विषय निघतो तो खरेदीचा. कुणी बोलणाऱ्या चष्म्याचा व्हिडिओ पाठवतं, कुणी परदेशातल्या यंत्राची किंमत सांगतं, मामा म्हणतात कर्ज काढू. जरा थांबा. मुलांना वाचून दाखवण्याच्या, त्यांचे मोबाइल लावून देण्याच्या निमित्ताने मी बरीच वर्षं अशा घरांशी बोलत आले आहे आणि माझं मत पक्कं आहे. मुलगी ज्या वस्तूंच्या जोरावर कॉलेज पार पाडते, त्यातल्या बहुतेक फुकट किंवा स्वस्त असतात. वेळ लागतो तो सरावाला. निघण्याआधीचे दोन महिने हाताशी असतील तर पुढे लिहिलेलं बहुतेक सगळं घरीच होतं. मुलगा असेल तरी यादी हीच.

सुरुवात मोबाइलपासून. आयफोन असेल तर स्क्रीनवरचं बोलून दाखवणारा व्हॉइसओव्हर त्यात आहेच, पण त्यासाठी मुद्दाम घेऊ नका, अँड्रॉइड पुरतो. दुकानात तीन गोष्टी बघा. रॅम सहा जीबीच्या खाली नको, कारण टॉकबॅक, म्हणजे अँड्रॉइडमधला तसाच वाचून दाखवणारा आवाज, सतत चालू राहणार, आणि मोबाइल अडखळला की बोट पुढे, आवाज मागे अशी गत होते. बोटाचा ठसा घेणारं बटण कडेला, हाताला लागेल असं हवं. काचेखालचा सेन्सर चाचपून सापडत नाही. आणि इअरफोनचं भोक हवंच. ब्लूटूथवर आवाज किंचित उशिरा येतो. गाणी ऐकताना ते जाणवत नाही, पण एकेक अक्षर चाचपत टाइप करताना तेवढा उशीर नकोसा होतो.

टॉकबॅक बहुतेक सगळ्या अँड्रॉइडमध्ये आधीपासून असतो, वेगळे पैसे नाहीत. सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत जाऊन आवाजाच्या दोन्ही बटणांचा शॉर्टकट चालू करून ठेवा. ती बटणं एकदम तीन सेकंद दाबली की टॉकबॅक सुरू होतो आणि तसाच बंदही होतो. मराठी आणि भारतीय इंग्रजी असे दोन्ही आवाज मोबाइलवर उतरवून घ्या, म्हणजे रेंज नसलेल्या वर्गातही वाचन थांबत नाही. बोलण्याचा वेग सुरुवातीला कमीच ठेवा. वर्षभरात ती इतक्या वेगाने ऐकायला लागेल की शेजारी बसून तुम्हाला एक शब्द लागणार नाही.

आता या यादीतलं सगळ्यात महत्त्वाचं. मोबाइल तिच्या हातात द्या आणि आपली बोटं मागे घ्या. एक बोट उजवीकडे सरकवलं की पुढची गोष्ट वाचली जाते, काचेवर कुठेही दोनदा टिचकी मारली की ती उघडते, दोन बोटांनी ओढलं की पान सरकतं. एवढं सांगून बाजूला बसा. तिला आजीला फोन लावू दे, अलार्म लावू दे, वायफायचा पासवर्ड टाकू दे, नवं ॲप शोधून उतरवू दे. अर्धा तास लागेल, लागू दे. घरातला कुणीतरी कळवळून मोबाइल ओढून घेतो, टॉकबॅक बंद करतो, काम उरकतो आणि परत देतो. ते काम तिला पुढच्या वेळीही येत नाही. होस्टेलवर तो कळवळणारा माणूस नसतो.

पैशांचे व्यवहार मोबाइलवरचेच, म्हणून ते इथेच घेते. यूपीआयचा पिन टाकताना इअरफोन कानात हवा, ही सवय घरूनच लागू द्या. पैसे पोचले की दुकानातला डबा बोलतो; तो ऐकल्याशिवाय काउंटर सोडायचा नाही. नोटा ओळखायला रिझर्व्ह बँकेचं मणी नावाचं ॲप आहे, १ जानेवारी २०२० ला आलेलं, इंटरनेटशिवाय चालणारं. पण बसमध्ये दर वेळी कॅमेरा काढता येत नाही, म्हणून हातालाही शिकवा. नव्या नोटांची लांबी रकमेबरोबर वाढत जाते: दहाची १२३ मिलिमीटर, पन्नासची १३५, पाचशेची १५०. शंभर आणि दोनशे यांच्यात फक्त ४ मिलिमीटरचा फरक, तिथे लांबी फसवते. मग कडेच्या उठावाच्या रेघा बघायच्या: शंभरवर चार, दोनशेवर चार आणि मध्ये दोन गोल, पाचशेवर पाच. हाताळून मऊ झालेल्या नोटेवर त्या रेघाही झिजतात. म्हणून खूप जण नोट मिळाल्याबरोबर ठरलेल्या पद्धतीने घडी घालून ठेवतात: शंभर सरळ, दोनशे आडवी दुमडून, पाचशे चौघडी. मुलीने स्वतःची पद्धत ठरवावी आणि ती बदलू नये. वीसचं नाणं सोपं, त्याला बारा कडा आहेत.

लॅपटॉप जुना चालेल. विंडोजवर एनव्हीडीए टाका, तोही स्क्रीनवरचं वाचून दाखवतो. ऑस्ट्रेलियात मायकेल करन यांनी २००६ मध्ये सुरू केलेला हा स्क्रीन रीडर आजही मोफत आहे आणि पदवीपर्यंतच्या कामाला पुरून उरतो. परवान्याला हजारो रुपये पडतात अशी सॉफ्टवेअरं आहेत, चांगलीही आहेत, पण पहिल्या वर्षी तो खर्च करू नका. एनव्हीडीएची एक प्रत पेनड्राइव्हवरही करून घ्या. कॉलेजच्या लॅबमध्ये पेनड्राइव्ह लावला की तिथल्या कॉम्प्युटरवर काहीही इन्स्टॉल न करता तो बोलायला लागतो, लॅबवाल्यांची परवानगी तेवढी आधी घ्यावी. टायपिंग इनस्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीवरच शिकवा. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं अशी मांडणी असल्यामुळे न बघता शिकायला ती सरळ जाते, आणि विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड आधीपासूनच आहे.

पुस्तकांचं मात्र नीट बसून बघावं लागतं, कारण गाडी अडते ती इथेच. सुगम्य पुस्तकालय हे २०१६ मध्ये सुरू झालेलं ऑनलाइन ग्रंथालय. छापील वाचता येत नाही अशा कुणालाही त्याचं सदस्य होता येतं. नोंदणी सुट्टीतच करून ठेवा. इंग्रजी भरपूर मिळतं. मराठी माध्यमाच्या मुलीला सगळी पाठ्यपुस्तकं तिथे मिळतील असं धरून चालू नका. मग शिक्षक पीडीएफ देतात आणि खरा घोळ सुरू होतो. मराठी नोट्स अजूनही श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फाँटांत केलेल्या असतात. डोळ्यांना सुरेख मराठी दिसते, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं, आणि स्क्रीन रीडर वाचतो ते आतलं. ओळखायची युक्ती साधी: फाइलमधली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये चिकटवा. मराठीच उमटली तर फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे स्क्रीन रीडरला वाचता येईल अशा अक्षरांत आहे, भलतंच काही उमटलं तर नाही. काहीच कॉपी झालं नाही तर तो नुसता फोटो आहे. अशी फाइल गूगल ड्राइव्हवर टाकून गूगल डॉक्समध्ये उघडली की मजकूर बऱ्यापैकी सुटा होतो. जोडाक्षरं आणि तक्ते मात्र कुणीतरी तपासावे लागतात. शिक्षकांना पहिल्याच आठवड्यात भेटून मूळ वर्डची फाइल युनिकोडमध्ये मागावी. आणि वर्गाच्या ग्रुपवर मुलीने स्वतः लिहावं की फळ्याचा फोटो टाकणाऱ्याने खाली दोन ओळी टाइप कराव्यात. मुलं करतात, मी पाहिलंय.

अप्पा बळवंत चौकातून आणलेलं छापील पुस्तक मोबाइलने टिपायचं असेल तर हातात धरून काढलेले फोटो तिरके येतात. पुठ्ठ्याचा एक खोका घ्या, वरच्या बाजूला कॅमेऱ्याएवढं भोक पाडा, मोबाइल वर ठेवा, पुस्तक आत सरकवा. अंतर पक्कं, कोन पक्का. खोक्याच्या तळाशी पान जिथे टेकवायचं तिथे आइसक्रीमची काडी चिकटवा, म्हणजे मुलीला एकटीला काम करता येतं.

पांढऱ्या काठीला पुष्कळ घरं लाजतात. मुलीला थोडं दिसत असेल तर जास्तच. कृपा करून लाजू नका. पुण्याच्या रस्त्यावर काठी तिच्यासाठी जेवढी, तेवढीच दुचाकीवाल्यांसाठी आहे. उभं राहिल्यावर छातीच्या मधल्या हाडापर्यंत पोचेल एवढी लांबी, घडीची, आणि टोक गोल फिरणारं मिळालं तर उत्तम, कारण आपल्या फुटपाथच्या उचकटलेल्या फरशीत बारीक टोक रुतून बसतं. काही शे रुपयांत येते. दोन घ्या आणि सुटी टोकंही घ्या. आयआयटी दिल्लीने केलेली स्मार्टकेन साध्या काठीच्या मुठीवर बसते आणि गुडघ्याच्या वर, डोक्यापर्यंत काही आडवं असेल तर थरथरून सांगते: ट्रकचा मागचा भाग, खाली आलेली फांदी, दुकानाचा बोर्ड. उपयोगी आहे, पण साध्या काठीवर हात बसल्यानंतर. काठीचं प्रशिक्षण, ज्याला सगळे मोबिलिटी म्हणतात, ते जाणकाराकडूनच घ्यावं. कोरेगाव पार्क आणि कोथरूडला शाळा असलेली पूना स्कूल अँड होम फॉर द ब्लाइंड, महंमदवाडीचं एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय चालवणारी पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशन, आणि कॉलेजातल्या अंध मुलांसाठी झटणारं मीरा बडवे यांचं निवांत अंध मुक्त विकासालय, या तिन्ही ठिकाणी पुण्यात पाऊल ठेवायच्या आधी फोन करा. कोण काय शिकवतं, कधी शिकवतं, हे त्यांच्याच तोंडून कळलेलं बरं.

राहायची जागा शोधताना भाड्याइतकाच मेट्रोचा विचार करा. वनाज ते रामवाडी आणि पिंपरी चिंचवड ते स्वारगेट या दोन्ही मार्गांवर स्टेशनात पायाला जाणवणाऱ्या पट्ट्या आहेत आणि गाडीत मराठीतून स्टेशनांची नावं पुकारतात. दोन्ही मार्ग मिळतात ते न्यायालयाचं स्टेशन खोल आणि गोंधळाचं आहे. तिथली अदलाबदल कॉलेज सुरू होण्यापूर्वी सोबत फिरून पाठ करून घ्या. चालताना इअरफोन एकाच कानात. हा नियम मोडू देऊ नका.

मुलगी अल्पदृष्टी असेल तर आणखी थोडं. काळ्या जाड कागदाला एका ओळीएवढी आडवी खिडकी कापा. पानावर ती पट्टी ठेवली की बाकीची चकाकी झाकली जाते आणि एकच ओळ समोर राहते. मान वळवता येणारा टेबल लॅम्प, जाड टोकाचं काळं पेन, पुस्तक उभं धरणारं स्टँड. भिंग डोळ्यांच्या डॉक्टरांकडे लो व्हिजन तपासणी करूनच घ्यावं, रस्त्यावरचं नको.

खोलीसाठी बोहरी आळीतून एम-सील आणि रबरबँड आणा. इंडक्शनच्या चालू-बंद बटणावर एम-सीलचा एक ठिपका, शाम्पूच्या बाटलीला एक रबरबँड, कंडिशनरला दोन. एकाच सुटाच्या सलवार-ओढणीला आतून सेफ्टी पिनने जोडून धुवायला टाकायचं. आणि ब्रेलची पाटी-स्टायलस घरी विसरू नका. मोबाइल आला म्हणून ब्रेल सुटू देणारी मुलं पुढे शुद्धलेखनात अडकतात, कारण शब्द कसा लिहितात हे त्यांनी बोटांनी कधी वाचलेलंच नसतं. औषधाच्या डब्यावर, फाइलींच्या कडेला, मसाल्याच्या बरण्यांवर ब्रेलच्या चिठ्ठ्या लावाव्यात.

राहिली कागदपत्रं. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं ओळखपत्र, निघालेलं नसेल तर आजच अर्ज करा. किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलं की सवलती लागू होतात, एसटीच्या भाड्यातली ७५ टक्के सूटही त्यातलीच. २०१६ च्या कायद्याने सरकारी आणि अनुदानित कॉलेजांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत, प्रवेश अर्जात ती चौकट भरायची राहू देऊ नका. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून स्मार्टकेन, ब्रेल किट अशा वस्तू उत्पन्नाच्या अटीवर मिळतात, म्हणून बाजारात जाण्याआधी उत्पन्नाचा दाखला काढा. राज्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यातच आहे, कॉलेजने दाद दिली नाही तर तिथे लेखी अर्ज करता येतो. सही करताना रेघ सापडावी म्हणून जुन्या एटीएम कार्डाला सहीएवढी खिडकी कापून पाकिटात ठेवा. बँकेत, परीक्षेच्या हजेरीपटावर, सगळीकडे लागते.

आणि लेखनिक. परीक्षेला लेखनिक, म्हणजे मुलगी सांगेल ते उत्तर लिहिणारं माणूस, घेता येतो, आणि केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दर तासामागे किमान २० मिनिटं जादा मिळतात. पण अर्ज वेळेत करावा लागतो आणि माणूस आपणच शोधायचा झाला तर ऐन परीक्षेत सापडत नाही. पहिल्या सत्रातच दोघी-तिघी लेखनिक ठरवा, त्यांच्याबरोबर जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवा. मुलीने सांगायचा वेग आणि लेखनिकेने लिहायचा वेग जुळायला तेवढ्या बैठका लागतातच.