मित्रांसोबत शनिवार-रविवार यॉर्कमध्ये: पुण्यात बसून आखणी कशी करावी

हिंजवडीतल्या नोकरीच्या निमित्ताने एखादा मित्र वर्ष-दोन वर्षांसाठी लंडनला जातो, त्याच्याकडे जाण्याचा बेत पुण्यातले चार-पाच जण आखतात, आणि त्या आठ-दहा दिवसांत लंडनबाहेरचे एखादे जुने शहरही पाहावे असा विचार पुढे येतो. आम्हा सहा जणांचे असेच झाले आणि आम्ही यॉर्क निवडले. इ.स. ७१ मध्ये रोमनांनी इथे लष्करी ठाणे वसवले, ३०६ मध्ये याच ठिकाणी सैन्याने कॉन्स्टंटाइनला सम्राट घोषित केले, ८६६ मध्ये व्हायकिंगांनी, म्हणजे स्कँडिनेव्हियातून आलेल्या दर्यावर्दी लढवय्यांनी, शहर घेतले, आणि मध्ययुगातला तट आजही मोठ्या प्रमाणात उभा आहे. जुने शहर पायी फिरण्याजोगे आहे. दोन दिवसांत एकच गाव नीट पाहायचे असेल, तर मला याहून सोयीचे ठिकाण सुचत नाही.

पहिले काम व्हिसाचे. गट एक असला तरी अर्ज प्रत्येकाला स्वतंत्र करावा लागतो, आणि तो प्रवासाच्या तारखेआधी जास्तीत जास्त तीन महिने करता येतो. बोटांचे ठसे आणि छायाचित्र देण्याची सोय पुण्यातच आहे. निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात असे धरून चालावे, पण मे महिन्याच्या सुटीत जायचे असेल तर हाताशी त्याहून अधिक दिवस ठेवावेत. पुण्याहून इंग्लंडला थेट विमान नाही, त्यामुळे मुंबईपर्यंतचा प्रवास, विमानातले नऊ-दहा तास आणि घड्याळातला साडेचार किंवा हिवाळ्यात साडेपाच तासांचा फरक हे सगळे अंगावर येते. म्हणून उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी यॉर्क गाठण्याचा अट्टाहास करू नये. मधे दोन-तीन रात्री लंडनला काढून मग शनिवार धरावा.

लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकावरून थेट गाडीने यॉर्कला पोहोचायला सुमारे दोन तास लागतात. आगाऊ काढलेली तिकिटे बरीच स्वस्त पडतात, पण ती फक्त ठरलेल्या गाडीलाच चालतात, आणि ही अट गटातल्या प्रत्येकाला आधी समजावून सांगावी. आमच्यातला एक जण कॉफी घेण्यासाठी थांबला, फलाटावर येईपर्यंत गाडीचे दरवाजे बंद झाले होते, आणि त्याला पुढच्या गाडीचे पूर्ण दराचे तिकीट काढावे लागले. ती रक्कम त्याच्या दोन दिवसांच्या खर्चाएवढी होती. दोघांच्या नावाने मिळणारे रेलकार्ड घेतले तर एकत्र प्रवासात तिकिटावर एक तृतीयांश सवलत मिळते, मात्र सोमवार ते शुक्रवार ते सकाळी साडेनऊनंतरच चालते. रविवारी रुळांच्या दुरुस्तीमुळे गाड्या वळवल्या जाणे तिथे नेहमीचे आहे, तेव्हा परतीची वेळ आदल्या दिवशी पुन्हा तपासावी.

मुक्काम तटाच्या आत किंवा तटाला लागून घ्यावा, जरी तो थोडा महाग पडला तरी. संध्याकाळी पर्यटक पांगल्यावर त्या गल्ल्यांत फिरण्याचे जे सुख आहे, ते गावाबाहेर राहिलेल्यांना मिळत नाही. सहा जणांसाठी स्वयंपाकघर असलेले घर मिळाले तर उत्तम, कारण सकाळचे पोहे घरीच होतात आणि सगळ्यांची तयारी होईपर्यंत कोणी उपाशी राहत नाही. तारीख ठरवण्यापूर्वी यॉर्कच्या घोड्यांच्या शर्यतींचे वेळापत्रक अवश्य पाहावे. त्या दिवसांत खोल्यांचे भाडे बरेच चढलेले असते. पुण्याहून खाऊ नेताना एक गोष्ट लक्षात ठेवावी: मांसाचे आणि दुधाचे पदार्थ तिथे सामानातून नेता येत नाहीत, त्यामुळे पेढे आणि बर्फी घरीच ठेवून बाकरवडी आणि भडंग घ्यावे.

ऋतूचा विचार आखणीत फार महत्त्वाचा आहे. हे शहर इतके उत्तरेला आहे की जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, आणि डिसेंबरमध्ये दुपारी पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. तटावरची वाट अंधार पडताना बंद करतात, म्हणून हिवाळ्यात गेलात तर शनिवारी पोहोचल्याबरोबर तट आधी पाहावा. ही सुमारे साडेतीन किलोमीटरची वाट विनामूल्य आहे. सगळी चालणे जमत नसेल तर बूथम बार ते मंक बार एवढा टप्पा तरी सोडू नये, कारण तिथून मिनस्टर, म्हणजे इथले महाचर्च, झाडांच्या वरून पूर्ण दिसते. वाटेच्या काही भागाला आतल्या बाजूने कठडा नाही, तेव्हा छायाचित्रे काढताना मागे सरकू नये. नावांचा घोळ मात्र सुरुवातीला होतोच: इथे वेशीला ‘बार’ म्हणतात, आणि रस्त्यांच्या नावातला ‘गेट’ हा व्हायकिंगांच्या भाषेतला रस्त्याचा शब्द आहे. मिकलगेट बार म्हणजे मिकलगेट रस्त्यावरची वेस.

मिनस्टर शनिवारीच पाहावे, कारण रविवारी सकाळी प्रार्थना असतात आणि पर्यटकांना दुपारीच आत सोडतात. आतल्या एका गोष्टीसाठी मी पुण्याहून पक्षी पाहण्याची लहान दुर्बीण नेली होती, आणि प्रत्येक गटाने ती न्यावी असे मला मनापासून वाटते. पूर्वेकडची भव्य खिडकी कॉव्हेंट्रीच्या जॉन थॉर्नटनने १४०५ ते १४०८ या तीन वर्षांत रंगीत काचेत घडवली. बायबलमधील सृष्टीच्या उत्पत्तीपासून जगाच्या अंतापर्यंतचे प्रसंग तीत आहेत, आणि तिची दीर्घ जीर्णोद्धाराची मोहीम २०१८ मध्ये पूर्ण झाली. नुसत्या डोळ्यांना ती निळ्या-तांबड्या ठिपक्यांची भिंत दिसते. दुर्बीण लावल्यावर एकेका चौकटीतले चेहरे, बोटे, कपड्यांच्या चुण्या उलगडत जातात, आणि सहा जणांत ती हातोहात फिरवताना आमचा पाऊण तास कसा गेला ते कळले नाही. मधल्या मनोऱ्याच्या २७५ पायऱ्या चढायच्या असतील तर वेळेचे तिकीट वेगळे घ्यावे; ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी खाली तळघरात जाऊन चर्चच्या पायाखाली सापडलेले रोमन ठाण्याचे अवशेष पाहावेत. चर्चमधील सायंप्रार्थनेला प्रवेश विनामूल्य असतो, आणि त्या वेळी बोलणे बंद ठेवून शांत बसावे.

क्लिफर्ड्स टॉवर या टेकडीवरच्या जुन्या मनोऱ्याला जाताना तिथला इतिहास ठाऊक असावा. ११९० मध्ये जमावापासून बचावासाठी शहरातल्या ज्यूंनी याच टेकडीवरच्या गढीत आश्रय घेतला होता आणि सुमारे दीडशे जणांचा त्यात अंत झाला. अनेकांनी जमावाच्या हाती पडण्यापेक्षा स्वतःचे आयुष्य संपवले. त्या वेळची लाकडी गढी जळून गेली, आजचा दगडी मनोरा नंतरच्या शतकातला. टेकडीच्या पायथ्याशी याची आठवण सांगणारा फलक आहे. तो वाचून मग वर चढावे.

रात्रीच्या जेवणासाठी सहा जणांचे टेबल आयत्या वेळी मिळणे अवघड असते, म्हणून ते आठवडाभर आधीच राखून ठेवावे आणि शाकाहारी किती आहेत, अंडे कोणाला चालत नाही, हे तेव्हाच कळवावे.

रविवारी सकाळी एक्झिबिशन स्क्वेअरहून स्थानिक स्वयंसेवक पायी फेरी घडवतात, तिचे पैसे घेत नाहीत, आणि गावावर प्रेम असलेल्या माणसाच्या तोंडून इतिहास ऐकण्याचा आनंद तिथे मिळतो. नंतर शॅम्बल्स ही पूर्वीच्या खाटिकांची अरुंद गल्ली पाहावी, पण खरेदीसाठी वेळ जपून वापरावा, कारण इंग्लंडमध्ये मोठी दुकाने रविवारी सहाच तास उघडी राहू शकतात. व्हायकिंग वस्ती दाखवणारे जॉर्विक केंद्र पाहायचे असेल तर त्याचे तिकीट पुण्यातूनच काढावे.

शेवटचे दोन तास स्थानकालगतच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयासाठी ठेवावेत. प्रवेश विनामूल्य आहे, आणि १९३८ मध्ये ताशी १२६ मैल, म्हणजे सुमारे २०३ किलोमीटर वेगाचा वाफेच्या इंजिनांचा विक्रम करणारे निळे ‘मॅलार्ड’ तिथे आहे. दख्खनच्या राणीने वर्षानुवर्षे मुंबईला ये-जा केलेला आमचा मित्र त्याच्या चाकांपाशी इतका रेंगाळला की आम्हाला त्याला हाताला धरून काढावे लागले. तिथून स्थानक चालत काही मिनिटांवर आहे, तेव्हा गाडीच्या वेळेआधी अर्धा तास राहील असा गजर सर्वांच्या फोनवर लावून ठेवावा.