स्लॅब पडण्याआधी करायचं गणित

आयटीआयच्या वहीत घराच्या वायरिंगचा क्रम ठरलेला असतो: आधी विजेचा लोड काढा, मग वायर, मग एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि सगळ्यात शेवटी पाइप. नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याला किंवा म्हसरूळला एखाद्या चालू साइटवर गेलात की हाच क्रम उलटा झालेला दिसतो. सळई बांधून झालेली असते, उद्या सकाळी काँक्रीट येणार असतं आणि त्याआधी तुमचे पाइप आणि फॅन बॉक्स जागेवर बसलेले हवेत. फ्लॅट कोण घेणार, एसी किती लावणार, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नसतं. एमसीबी पाच मिनिटांत बदलतो, वायर ओढून नवी टाकता येते, पण स्लॅबमधला पाइप बिल्डिंग उभी असेपर्यंत तोच. म्हणून हाताखाली नवीन पोरगा आला की मी त्याला आधी पाइप शिकवतो.

दिवे-पंख्यांच्या पॉइंटला २० मिमी चालतो. पॉवरच्या लाइनला २५ च घ्या. बिल्डर कुरकुर करेल, करू द्या. स्लॅबमध्ये मीडियमपेक्षा हलका पाइप नको. त्यावर कुणाचा पाय पडला, व्हायब्रेटर लागला की तो चेपतो, आणि ते कळतं थेट वायर ओढताना. पाइपाच्या आतल्या जागेपैकी ४० टक्क्यांपेक्षा जास्त जागा वायरींनी भरायची नाही, असा सर्वमान्य दंडक आहे. हिशेबाने २५ च्या पाइपात अडीचच्या (अडीच स्क्वेअर एमएम जाडीच्या) वायरी जास्त बसताना दिसतात, पण बेंड आले की ओढताना इन्सुलेशन सोललं जातं. त्यामुळे मी सहावर थांबतो, आणि दोन बॉक्सच्या मध्ये दोनपेक्षा जास्त बेंड येऊ देत नाही.

जागेपेक्षा मोठा प्रश्न उष्णतेचा आहे, आणि नवीन मुलं नेमकी तिथेच चुकतात. दुकानदार सांगतो, अडीचची वायर २४ अँपिअर घेते. खोटं नाही ते. आंतरराष्ट्रीय तक्त्यात भिंतीतल्या पाइपातल्या अडीच स्क्वेअर एमएम तांब्याच्या पीव्हीसी वायरीला २४ च दिलेत. पण तो आकडा ३० अंश तापमानाचा आहे, आणि पाइपात एकच सर्किट धरून आहे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. ४० अंशाला त्या आकड्याला ०.८७ ने गुणायचं. एकाच पाइपात दोन सर्किटं असतील तर आणखी ०.८ ने, तीन असतील तर ०.७ ने. आता करा: २४ गुणिले ०.८७ गुणिले ०.८, म्हणजे १६.७. सोळाच्या एमसीबीला ही वायर पुरते. त्याच पाइपात तिसरं सर्किट घातलं की उत्तर येतं १४.६, आणि सोळाचा एमसीबी त्या वायरीला मोठा ठरतो. वायर तीच, एमसीबी तोच, फक्त वाटेत कुणीतरी म्हणालं, ‘अरे, बाल्कनीचा प्लगही याच पाइपातून ने.’ मोजायची ती सर्किटं. अर्थिंगची हिरवी वायर यात धरत नाहीत.

चारच्या वायरीचा तक्त्यातला आकडा ३२, सहाचा ४१, दहाचा ५७. एवढे पाठ करा, बाकी गणित खिशातल्या मोबाइलवर होतं.

नियम एका ओळीचा आहे: उपकरणाचा करंट एमसीबीपेक्षा कमी किंवा तेवढाच, आणि एमसीबी वायरीच्या खऱ्या क्षमतेपेक्षा कमी किंवा तेवढाच. २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर ८.७ अँपिअर घेतो, म्हणजे सोळाचा एमसीबी आणि अडीचची वायर. दीड टनाच्या एसीलाही अडीच चालते, पण मी चारची वायर आणि वीसचा एमसीबी टाकतो. उन्हाळ्यात तो तासन्‌तास चालतो आणि पुढचा मालक दोन टनाचा आणतो.

मग कधीतरी फोन येतो, ‘दादा, इस्त्री आणि ओव्हन सोबत लावलं की बटण पडतं. जरा बत्तीसचं टाकून द्या ना.’ इथे ठाम नाही म्हणायचं. एमसीबी ओव्हनला सांभाळत नाही, भिंतीतल्या वायरीला सांभाळतो. शिवाय तो आकडा ओलांडला की लगेच पडतो, असंही नाही. १.१३ पट करंट तो तासभर न पडता सोसतो, आणि १.४५ पटीला तासाच्या आत पडतो. म्हणजे बत्तीसचा एमसीबी ३६ अँपिअर तासभर आरामात जाऊ देणार, आणि तेही १६.७ च्या वायरीतून. वरून काही दिसत नाही. प्लास्टरच्या आत इन्सुलेशन कडक होऊन तडकत राहतं. ओव्हनला वेगळी लाइन काढून देणं हाच उपाय. पाइप २५ चा असेल तर निदान जागा असते, पण वरचं गुणाकाराचं गणित पुन्हा करूनच.

मेनचा, म्हणजे सगळ्या घराच्या मुख्य एमसीबीचा, हिशेब मात्र थोडा सैल धरता येतो, आणि त्यात नाशिकची हवा मदत करते. दोन एसींचे १६ अँपिअर, दोन गिझरचे १७, किचनचे १६, दिवे-पंख्यांचे ४, अशी बेरीज ५३ होते. पण निफाडहून गार वारं येतं त्या दिवसांत एसी कोण लावतो? आणि मेमध्ये गिझर बंदच असतो. हिवाळ्यात ३७, उन्हाळ्यात ३६. चाळीसचा मेन पुरतो. त्याला सहाची वायर नको, कारण ४१ गुणिले ०.८७ म्हणजे ३५.७ च होतात. दहाची घ्या, ४९.६ मिळतात. ही सवलत फक्त मेनला. एकट्या गिझरच्या किंवा एसीच्या सर्किटला ती लावू नका.

गिरणारे, मखमलाबादकडे फार्महाउसची कामं मिळतात, तिथे वेगळीच गोम आहे. घरापासून बोअर ६० मीटर, दीड एचपीची सिंगल फेज मोटर, करंट धरा १० अँपिअर. क्षमतेने अडीचची वायर चालते. पण तिच्यात दर अँपिअरला, दर मीटरला साधारण १८ मिलिव्होल्ट पडतात, म्हणजे १०.८ व्होल्ट गेले. चारच्या वायरीत ११ मिलिव्होल्टच्या हिशेबाने ६.६ जातात, तीन टक्क्यांच्या आत. सुरू होताना मोटर पाच-सहा पट करंट ओढते आणि व्होल्टेजची घसरणही तेवढ्याच पटीने वाढते. संध्याकाळी आधीच व्होल्टेज उतरलेलं असलं की अडीचवरची मोटर नुसती घुमते, फिरत नाही.

सुरुवातीच्या त्याच ५०-६० अँपिअरमुळे बी कर्व्ह नावाच्या प्रकारातला सोळाचा एमसीबी पडू शकतो, कारण तो ४८ ते ८० च्या मध्ये कुठेही झटक्यात सुटतो. सी कर्व्हचा ८० पासून पुढे सुटतो. पंपाला तोच लावा. सोबत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळाला की लाइन तोडणारा स्विच) हवीच, मात्र तिला ओव्हरलोड कळत नाही, त्यामुळे एमसीबीच्या ऐवजी ती चालत नाही. काम सोपवताना टेस्टचं बटण मालकाला स्वतःच्या हाताने दाबायला सांगा.