टेंडर निघायच्या आधी फाईल तयार ठेवताना

टेंडर निघाल्याचं कळलं की आपल्याकडे धावपळ सुरू होते. तोवर उशीर झालेला असतो. बऱ्याच बोली दहा-पंधरा दिवसांत बंद होतात आणि नुसतं एक नाव दुरुस्त करून घ्यायलाही त्याहून जास्त दिवस जाऊ शकतात. म्हणून हे सगळं हातात काम कमी असेल तेव्हा उरकायचं. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये माझा शिवणाचा गाळा आहे, आठ मशिनांचा. युनिफॉर्म, एप्रन, चादरी असं काम असतं. आजूबाजूच्या बायका विचारायला येतात तेव्हा मी जे सांगते, तेच इथं लिहून ठेवतेय.

आधी कपाटातले सगळे कागद काढा आणि लादीवर शेजारी शेजारी मांडा. आधार, पॅन, पासबुक, जीएसटी, उद्यम (लघु उद्योगाची सरकारी नोंदणी), गाळ्याचा भाडेकरार, लाइट बिल. बाकी काही न बघता फक्त नाव वाचत जा. एकाच बाईच्या फायलीत तीन बायका निघतात. पॅनवर माहेरची, आधारवर सासरची, आणि पासबुकावर नुसतं नाव आणि नवऱ्याचं नाव, आडनावाचा पत्ताच नाही. माझी पहिली बोली यातच गेली. एका सरकारी कार्यालयाला एप्रन हवे होते, दर मी रात्र रात्र बसून काढला होता. तांत्रिक छाननीतच बाहेर. कारण दिलं होतं, कागदपत्रांतल्या नावांत तफावत. दराचं पाकीट उघडलंच नाही. म्हणून सांगते, माहेरचं की सासरचं, कुठलं नाव धंद्याला लावायचं ते एकदा ठरवा आणि मागे फिरू नका. विवाह नोंदणीचा दाखला काढा, नाव पूर्ण बदललं असेल तर राजपत्रात नोंद करून घ्या. मग आधार, त्यानंतर पॅन, मग बँक, या क्रमानं चला. उद्यम नोंदणी आधार आणि पॅनवरच उभी असते, त्यामुळे ती दुरुस्ती शेवटी.

सरकारी खरेदीतल्या अनुसूचित जाती-जमातीच्या वाट्यातून जाणार असाल तर इथं आणखी एक गाठ आहे. लग्न झालेल्या बाईचा जातीचा दाखला बहुधा माहेरच्या नावानं असतो आणि धंद्याचे कागद सासरच्या. दोन नावं एकाच व्यक्तीची आहेत हे दाखवणारा कागद दाखल्यालाच टाचून ठेवा. ऐनवेळी कुणाला समजावत बसायला जागा नसते, पोर्टल समजूत काढून घेत नाही.

नावाइतकाच मोबाइल नंबर महत्त्वाचा. आधारला कुणाचा नंबर जोडलाय? माझ्या ओळखीतल्या निम्म्या जणींच्या आधारला नवऱ्याचा किंवा मुलाचा नंबर आहे. ओटीपी येतो सकाळी पावणेनऊला, आणि नवरा तेव्हा ठाण्याहून सुटलेल्या फास्ट लोकलमध्ये दाराशी असतो, खिशात हात घालायला जागा नाही. कळव्याच्या एका ताईची बोली अशीच हुकली. स्वतःचं सिम, स्वतःचा ईमेल, आणि त्याचा पासवर्ड आपल्या वहीत. डिजिटल सिग्नेचरचं टोकनही आपल्याच नावाचं आणि आपल्याच कपाटात हवं. क्लास 3 ची सही लागते, राज्य सरकारच्या महाटेंडर्स पोर्टलवर तिच्याशिवाय बोली भरता येत नाही. ते टोकन एजंटच्या ड्रॉवरमध्ये पडलं असेल तर तो कशावर सही करतोय ते तुम्हाला कळणारही नाही.

आता उद्यम. 1 जुलै 2020 पासून ही नोंदणी सुरू आहे आणि ती फुकट आहे. फी मागणारी, सरकारी वाटावी अशी संकेतस्थळं भरपूर आहेत, तिथं पैसे भरू नका. नोंदणी झालेली असेल तर ती उघडून दोन गोष्टी तपासा. एक म्हणजे मालकी. एकटीचा धंदा असेल तर प्रश्नच नाही, भागीदारी किंवा कंपनी असेल तर किमान 51 टक्के वाटा बायकांचा लागतो. 50-50 करून नवरा-बायको खूश असतात, पण महिलांचा उद्योग म्हणून तो धरत नाहीत. दुसरा कामाचा कोड. घाऊक कपडे शिवत असाल तर 14101, मापानं शिवणारा टेलर असेल तर 14105. आणि नुसता व्यापाराचा कोड असेल तर थांबा. व्यापाऱ्यांना 2021 पासून उद्यममध्ये घेतलं, पण ते बँकेच्या कर्जापुरतं, खरेदी धोरणाचे फायदे त्यांना नाहीत. उल्हासनगरहून तयार माल आणून पुढे द्यायचा बेत असेल तर खालच्या सवलती आपल्या नाहीत असं समजून चला.

त्या सवलती कुठे चालतात हेही नीट कळलं पाहिजे, कारण यात फार गैरसमज आहेत. केंद्र सरकारच्या 2012 च्या आदेशानुसार केंद्राची खाती आणि सार्वजनिक कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीतला ठरावीक हिस्सा सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यायचा असतो. 2018 मध्ये तो 25 टक्के झाला. त्यात 4 टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांसाठी, 3 टक्के महिलांच्या. धार्मिक अल्पसंख्याकांचा वेगळा वाटा या धोरणात नाही. मुंब्र्याच्या आपल्या मैत्रिणी यात येतात त्या महिला म्हणून. आपल्या बाजूला पाहिलं तर बेलापूरला कोकण रेल्वेचं मुख्यालय आहे, भारतीय कपास निगमचंही आहे, शेव्याला बंदर प्राधिकरण, उरणला ओएनजीसी. ही सगळी केंद्राच्या बाजूची. ठाणे आणि नवी मुंबई महापालिका, सिडको मात्र राज्याच्या नियमांनी चालतात. तिथं सवलत गृहीत धरायची नाही, टेंडरमध्ये लिहिली असेल तरच आहे.

जेमवर, म्हणजे केंद्राच्या खरेदी पोर्टलवर, बोलीचा कागद उघडला की मी दर, तारीख काही बघत नाही. आधी बघते अनुभव आणि उलाढालीची अट लघु उद्योगांना शिथिल आहे का, त्या ओळीपुढे ‘हो’ आहे की ‘नाही’. नाही असेल आणि तीन वर्षांची उलाढाल मागितली असेल, तर चहा पिऊन दुसरी बोली बघायची. शिवाय पंधरा टक्क्यांचा नियम सगळ्यांना तोंडपाठ असतो, पण अर्धाच. सर्वात कमी दर 200 रुपये आला आणि तुमचा 230 च्या आत असला, तर 200 वर यायची तयारी दाखवून ऑर्डरचा काही भाग मिळू शकतो. पण तो 200 वाला स्वतः लघु उद्योग नसला तरच. शिवणकामात तो बहुतेकदा आपल्यासारखाच कुणीतरी गाळेवाला असतो.

पैशाचा हिशोब मी कागदावर मांडून दाखवते, कारण इथं चांगल्या चांगल्या अडकतात. समजा 1,200 एप्रन, 240 रुपयांनी. ऑर्डर 2,88,000 ची. बोलीसोबत भरायची बयाणा रक्कम आपल्याला माफ, म्हणून सगळ्या निर्धास्त असतात. पण काम मिळाल्यावरची अनामत माफ नाही. ती साधारण 3 ते 5 टक्के असते, 5 धरली तर 14,400 अडकले. कापडाला 1,20,000 रोख, कारण नवीन गिऱ्हाइकाला व्यापारी उधार देत नाही. शिलाई नगाला 60 रुपयांनी 72,000, आणि ती शनिवारच्या शनिवार द्यावीच लागते. झाले 2,06,400, अजून एक रुपया आत आलेला नाही. पैसे येईपर्यंतचे दोन-अडीच महिने कुठून चालवणार, याचं उत्तर बोली भरण्याआधी बँकेत जाऊन शोधायचं. गळ्यातलं गहाण टाकून पहिली ऑर्डर पुरी केलेल्या दोघी मला माहीत आहेत. एकीचं सुटलं.

बाकीचं पटकन. जीएसटी नोंदणीची मर्यादा वस्तूंना 40 लाखांची असली तरी मोठा खरेदीदार त्या नंबराशिवाय दारात उभं करत नाही. अडीच हजारांपर्यंतच्या तयार कपड्याला 5 टक्के दर आहे, तो धरूनच भाव काढा. तीन वर्षांची विवरणपत्रं आणि सीएचं उलाढालीचं प्रमाणपत्र एका फाईलमध्ये ठेवा. दहा माणसं झाली की ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा), वीस झाली की पीएफ. स्कॅन सरळ आणि वाचता येईल असं हवं. मोबाइलनं पलंगावर फोटो काढून अपलोड करू नका, चादरीची फुलं दिसतात.

नमुन्याबद्दल मात्र घाई करू नका. टेंडरमध्ये कापडाचं वजन आणि रंगाचा पक्केपणा लिहिलेला असतो. दुकानदाराच्या ‘दोनशे ग्रॅमचंच आहे ताई’ वर जाऊ नका. घाटकोपरला बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशनची प्रयोगशाळा आहे, तिथून अहवाल घ्या. आणि ज्या ताग्यातून नमुना शिवला त्याचा हातभर तुकडा तारीख लिहून बाजूला ठेवा. उद्या ‘माल नमुन्यासारखा नाही’ म्हणाले तर दाखवायला काहीतरी हवं.

शेवटचा कागद माल पोचवतानाचा. कायद्यानं 45 दिवसांच्या आत पैसे द्यायचे असतात, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीनं, आणि तक्रार सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर करता येते. पण हे दिवस माल स्वीकारल्यापासून मोजतात. 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही तर माल पोचला तोच दिवस स्वीकारल्याचा धरतात. म्हणजे सगळा भार माल पोचवल्याच्या चलनावरच्या तारखेवर. टेम्पोसोबत मुलाला पाठवू नका, स्वतः जा. गेटवरच्या वॉचमनची सही चालत नाही. आत स्टोअरपर्यंत जायचं, नग मोजून द्यायचे, आणि चलनाच्या दोन्ही प्रतींवर नाव, तारीख आणि शिक्का घेऊनच टेम्पो वळवायचा.