बारा वर्षांखालच्या पोरांना फुटबॉल शिकवताय? या चुका टाळा

उन्हाळ्याची सुट्टी लागली की कोल्हापुरात पेठापेठांत फुटबॉलचे कॅम्प सुरू होतात. शाळेचं पटांगण, तालमीमागची मोकळी जागा, तासावर भाड्यानं मिळणारा टर्फ, जिथं गोल मांडता येईल तिथं शिट्टी वाजते. शिकवणारा बहुतेक वेळा एखाद्या तालमीकडून खेळलेला असतो, हौशी आणि जीव तोडून राबणारा. त्याच्या हौसेबद्दल माझी तक्रार नाही. पण शाहू स्टेडियमवर वरिष्ठ गटाचे सामने बघून जे डोक्यात बसलंय, तेच तो नऊ वर्षांच्या पोराच्या गळी उतरवतो. पाटाकडील आणि दिलबहार हे तालमींचे संघ समोरासमोर आले की निकालच महत्त्वाचा असतो, तिथं पेठेची इभ्रत लागलेली असते. नऊ वर्षांच्या पोराचा निकाल अठराव्या वर्षी लागतो. तोवर त्याच्या पायात बॉल किती वेळ होता आणि त्याचं काय करायचं हे त्यानं स्वतः किती वेळा ठरवलं, एवढंच मोजायचं असतं. खालच्या बहुतेक चुकांत मोठी माणसं पोरांकडून नेमक्या याच दोन गोष्टी काढून घेतात.

थोराड पोरगा आणि लांब किक

ही माझ्या डोक्यात जाणारी पहिल्या नंबरची चूक.

बारा-तेरा वर्षांखालच्या स्पर्धेत कप जिंकायचा सोपा फॉर्म्युला सगळ्यांना ठाऊक आहे. वर्गातला सगळ्यात दांडगा पोरगा शोधायचा आणि त्याला मागं उभा करायचा. दुसरा दांडगा पुढं ठेवायचा. मागच्यानं बॉल आभाळात मारायचा, पुढच्यानं पळत जाऊन गोल करायचा. मधली सात-आठ पोरं मान वर करून बॉलचा प्रवास बघतात. मोठ्यांच्या मापाचा गोल 2.44 मीटर उंच असतो आणि अकरा वर्षांच्या कीपरचा हात क्रॉसबारपर्यंत, म्हणजे गोलाच्या वरच्या दांडीपर्यंत, पोचत नाही. त्यामुळे डोक्यावरून टाकलेला कोणताही बॉल आत जातो. बाहेर मात्र सगळे म्हणतात, काय शॉट आहे लेका!

अशाच एका संघाची गोष्ट सांगतो. नाव कशाला घ्यायचं, तसे दहा आहेत. त्यांचा मागचा पोरगा तेराव्या वर्षीच बापाच्या खांद्याला लागला होता. दोन मोसम त्यांनी दिसेल तो कप उचलला. कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 साली सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हापासून आमच्याकडे गल्लोगल्ली एक ‘पुढचा अनिकेत’ असतो. त्या वर्षी तो हा पोरगा होता. फ्लेक्सही लागला. त्याच संघात एक बारकं पोरगं होतं, पायात बॉल घेतला की सुटायचं नाही. त्याला शेवटची पाच मिनिटं मिळायची, तीही संघ चार गोलांनी पुढं असला तर. बाकी वेळ बिब्स (संघ ओळखायला वरून घालायचे बनियन) गोळा करणं आणि बाटल्या भरणं.

पुढं सोळा वर्षांखालच्या निवड चाचणीला तो थोराड पोरगा आला. उंची तीच होती, फक्त आता सगळेच तेवढे झाले होते. पास आला की बॉल त्याच्या नडगीला लागून चार हात लांब जायचा, तोवर कुणीतरी येऊन घेऊन जायचा. डावा पाय होता तो फक्त उभं राहायला. बॉल अडवून, मान वर करून, आपल्या माणसाला द्यायचा असतो, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं, कारण तेव्हा त्याची गरज पडत नव्हती. पोरगा रडवेला झाला. त्याची काय चूक? आणि त्या बारक्यानं केव्हाच फुटबॉल सोडून टेनिस बॉल क्रिकेट धरलं होतं.

बारक्यांवर माझा जीव आहे म्हणून बोलतोय असं वाटेल, तर क्रोएशियाचा लुका मॉड्रिच आठवा. हायडुक स्प्लिट या तिथल्या क्लबनं त्याला लहानपणी अंगकाठी बघून परत पाठवलं होतं. 2018 चा बॅलन डी’ऑर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, त्याच अंगकाठीला मिळाला.

यात जन्ममहिन्याचाही खेळ असतो. वयोगट 1 जानेवारीला कापला जातो. जानेवारीत जन्मलेलं पोर आणि डिसेंबरात जन्मलेलं पोर एकाच गटात येतात, आणि दहाव्या वर्षी अकरा महिन्यांचा फरक म्हणजे खांदे, पाय, दम, सगळ्यातच फरक. निवड करताना आपण हुशारी निवडतोय असं वाटतं, प्रत्यक्षात बऱ्याचदा जानेवारी-फेब्रुवारी निवडत असतो. मी हजेरीवहीत नावापुढं जन्ममहिना लिहितो. चाचणीत एखादं पोर हळू वाटलं की आधी तो महिना बघतो, मग मत बनवतो.

आणि कागदावर वय कमी करून आणणाऱ्यांबद्दल एकच सांगतो. आमच्या पिढीत गुरुजींच्या कृपेनं अर्ध्या वर्गाचा वाढदिवस 1 जूनला असायचा, तो भोळा कारभार होता. आता जाणूनबुजून केलं जातं. फिफा सतरा वर्षांखालच्या स्पर्धेत 2009 पासून मनगटाचा एमआरआय काढते, आपल्याकडेही हाडांवरून वय तपासतात. पोरगं तिथं पकडलं जातं आणि दाखला आणून देणारा ‘हितचिंतक’ तेव्हा फोन उचलत नाही.

रांग

वीस पोरं, एक रांग, एक गोल. प्रत्येकाला पंधरा सेकंद धरली तर एका शॉटनंतर पुढचा नंबर पाच मिनिटांनी येतो. वीस मिनिटांत चार शॉट. उरलेल्या वेळात पुढच्याला चिमटा काढणं, बुटाची लेस सोडणं आणि घरी जायची वाट बघणं. वर आपणच म्हणतो, आजकालच्या पोरांचं लक्ष नाही.

रांग मोडा. मैदानाचे छोटे तुकडे करा आणि तीन विरुद्ध तीन खेळवा. ही काही माझी कल्पना नाही. मूळचे हॉकीचे प्रशिक्षक असलेल्या जर्मनीच्या होर्स्ट वाइन यांनी चार छोटे गोल मांडून तीन विरुद्ध तीनचा खेळ आखला, त्याला फुनिन्यो म्हणतात. प्रत्येक संघाला हल्ला करायला दोन गोल असतात, त्यामुळे एका बाजूला गर्दी झाली की पोरगं आपोआप मान वर करून दुसरीकडे बघतं. सांगावं लागत नाही. चार वेळा विश्वविजेत्या झालेल्या जर्मनीनं 2024-25 च्या मोसमापासून अगदी लहान गटांत अशाच छोट्या खेळांची सक्ती केली आणि गुणतक्ता काढून टाकला. आपल्याकडे मात्र आठ वर्षांच्या पोरांना पूर्ण मैदानावर अकरा विरुद्ध अकरा उतरवून ‘मॅच प्रॅक्टिस’ चालते.

गोल विकत घ्यायची गरज नाही. मी चपला वापरतो. पोरांच्याच.

बाहेरून रिमोट चालवणं

‘पास दे! मार! मागं ये! अरे मागं! डावीकडं बघ की, डोळे फुटले काय!’ ही कॉमेंट्री तुम्ही कोणत्याही मैदानावर ऐकली असेल. प्रशिक्षकाला वाटतं आपण मार्गदर्शन करतोय. खरं तर तो स्वतःच सामना खेळत असतो, फक्त पाय पोरांचे वापरतो.

एका शालेय स्पर्धेत याचा कळस बघितला. एका संघाचे सर पहिल्या मिनिटापासून प्रत्येक बॉलला सूचना देत होते. आवाज असा की रस्त्यावरचे रिक्षावाले थांबून बघायचे. आणि खरं सांगायचं तर मध्यंतरापर्यंत ते चाललंही. संघ एक गोलनं पुढं होता. दुसऱ्या डावात समोरच्या संघाच्या मोठ्या पोरांनी हलगी आणली. कडाका असा सुरू झाला की सरांचं तोंड हलताना दिसायचं, शब्द काही पोचेना. सरांच्या संघातल्या हाफला, म्हणजे मधल्या फळीतल्या पोराला, पास आला. त्यानं बॉल पायाखाली धरला आणि साइडलाइनकडे बघितलं. सर हातवारे करतायत. पोरगं बघतंय. तेवढ्यात बॉल गेला. पुन्हा तेच, मग मागच्या फळीतल्या बॅकचं तसंच. अकराच्या अकरा पोरं बॉल मिळाला की मान बाहेर वळवायची. समोरच्यांनी तीन गोल मारले. सामन्यानंतर सर आयोजकांशी भांडत होते की हलगी वाजवायला परवानगी कशी दिली म्हणून.

माझी सवय सांगतो, शास्त्र म्हणून नको, पण उपयोगी पडते. सामना सुरू झाला की मी तोंडात खडीसाखरेचा खडा टाकतो. तो विरघळेपर्यंत बोलायचं नाही. विरघळेपर्यंत जे ओरडायचं होतं त्यातलं निम्मं विसरायला होतं, म्हणजे ते तेवढं महत्त्वाचं नव्हतंच. उरलेलं मध्यंतराला विचारतो, सांगत नाही. ‘तिकडं मोकळा कोण होता?’ पोरांना माहीत असतं. त्यांना विचारलेलं नसतं, एवढंच.

पालकांचं ओरडणं हा याच रोगाचा दुसरा प्रकार. ‘सर, पोराला बॅकला का घातलाय? गोल करणार कधी?’ हा प्रश्न मला दर मोसमात येतो. माझं उत्तर ठरलेलं आहे. बारा वर्षांपर्यंत माझ्याकडे कुणाचीच जागा ठरलेली नाही. आज बॅक, पुढच्या रविवारी फॉरवर्ड, त्यानंतर कीपर. हो, कीपरही. हात-पाय जरा जाड आहेत म्हणून एखाद्या पोराला नवव्या वर्षी गोलात उभं करून तिथंच विसरणं याला मी आळस म्हणतो. प्रत्येक पोर किमान अर्धा सामना खेळतं, तेही वहीत टिक करून, कारण सामन्याच्या गरमीत माझाही माझ्यावर भरवसा नसतो.

फेऱ्या मारायला लावणं

‘मैदानाला दहा फेऱ्या’ ही शिक्षाही आहे आणि वॉर्मअपही, म्हणजे पोराच्या डोक्यात पळणं म्हणजे शिक्षा हे पक्कं. दम बॉलबरोबर खेळूनच वाढतो. वॉर्मअप हवा असेल तर फिफाचे 11+ व्यायाम आहेत, लहान पोरांसाठी त्याचा वेगळा प्रकारही आहे. त्यात उड्या, तोल सांभाळणं, नीट पडायला शिकणं असतं. फुकट आहे. तरी नवीन मंडळी आधी जमिनीवर पसरायची ती पिवळी शिडी आणि खुणेचे पन्नास प्लॅस्टिकचे कोन विकत घेतात, कारण ते फोटोत चांगलं दिसतं. शिडीत सुरेख नाचणारी आणि बॉल आला की गोंधळणारी पोरं मी भरपूर बघितलीत.

व्हिडिओतल्या कसरती

डोक्यावरून बॉल उडवायची युक्ती पोरं मोबाईलवरून आपापली शिकतात, शिकू द्या. पण तुमच्या तासात ती नको. आलेला बॉल दोन्ही पायांनी अडवता येईपर्यंत बाकी सगळं थांबू शकतं. घरी भिंत असतेच. आई ओरडेपर्यंत डाव्या पायानं भिंतीवर मारायचा, हा माझा गृहपाठ. याला महिने लागतात, आणि दोन आठवड्यांत निकाल मागणाऱ्या पालकाला मी सरळ दुसऱ्या कॅम्पचा पत्ता देतो.

मोठ्यांचा बॉल

पाच नंबरचा बॉल 410 ते 450 ग्रॅमचा असतो. आठ ते बारा वर्षांना चार नंबर, त्याखाली तीन नंबर. ‘मोठ्या बॉलनं पाय मजबूत होतो’ असं सांगणाऱ्याच्या नादी लागू नका.

हेडिंग

डोक्यानं बॉल मारायला दहा वर्षांखाली शिकवूच नका. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेनं 2015 मध्येच त्या वयाला ते बंद केलं आणि इंग्लंडनं 2020 मध्ये प्राथमिक शाळेच्या वयाच्या पोरांच्या सरावातून काढलं. आपल्याकडे अजून ‘घाबरतोस काय, डोकं लाव’ चालू आहे.

दुखण्याकडे दुर्लक्ष

दहा-बारा वर्षांचं पोर टाच दुखते म्हणालं, किंवा थोडं मोठं पोर गुडघ्याखाली टेंगूळ आलंय आणि पळताना दुखतं म्हणालं, तर ते बहाणा करत नसतं. वाढीच्या वयात हाड भराभर वाढतं आणि स्नायूचा ताण हाडाच्या त्या कोवळ्या भागावर येतो. तेल चोळून खेळवायचं नाही. विश्रांती द्यायची, हाडांच्या डॉक्टरांना दाखवायचं. स्पर्धा पुढच्या आठवड्यात आहे हे कारण मला सांगू नका.

बूट

‘पुढच्या वर्षीही होतील’ म्हणून दोन नंबर मोठे बूट घेणारे पालक आणि आमच्या दगडासारख्या मैदानावर लांब स्टडचे (तळाला खुंट्या असलेले) महागडे बूट घेणारे पालक, दोघांचीही पोरं घसरतात. कडक मैदानाला आखूड रबरी स्टड पुरतात. अंगठ्यापुढं बोटाच्या जाडीएवढी जागा हवी, त्याहून जास्त नको. आणि दुकानात जाताना पोराला बरोबर न्या. नुसतं पायाचं माप कागदावर काढून नेणारेही मला भेटलेत.